पंधरा अक्षरांची जागा

१

एप्रिल महिन्यात दुपारी एक ते चार या वेळात गोंदियात कोणी काम करत नाही, आणि काम सांगणाऱ्याकडे लोक वेड्याकडे बघावं तसं बघतात. ओमेशही काही जगावेगळा नव्हता. इन्व्हर्टर आणि पंप दुरुस्तीच्या दुकानाचं शटर साडेबाराला ओढायचं, फुलचूरला घरी यायचं, आठ वर्षांच्या लेकीबरोबर, मंजूबरोबर, जेवायचं. जगावेगळं काही असेल तर ते त्यानंतरचं. भलेभले पंख्याखाली आडवे होत तेव्हा हा गृहस्थ गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत जाऊन घामाच्या धारांत एक जुनाट कॉम्प्युटर उघडून बसायचा.

"एखाद दिवशी तिथंच शिजाल," त्याची बायको रुचिका म्हणायची. ती गोरेगावला दवाखान्यात नर्स होती, सकाळी स्कुटीने जाऊन संध्याकाळी परतायची. शाळेला सुट्टी लागल्यापासून दिवसभर मंजूला बघायचं काम ओमेशचं. सकाळी ती त्याच्याबरोबर दुकानात बसायची आणि दुपारी खाली पंख्याखाली चित्रं काढायची.

कॉम्प्युटर होता केशोराव गुरुजींचा. आयटीआयमध्ये ओमेशला सोल्डरिंगचा डाग द्यायला ज्यांनी शिकवलं, ते गुरुजी पौषात वारले. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी दवनीवाड्याच्या घरी बसून ही पेटी एकट्याने बनवली होती: सागाची चौकट, आत हाताने जोडलेल्या तारांचं जाळं, मधोमध झेड-ऐंशी प्रोसेसर. विंडोजबिंडोज काही नाही. गुरुजींनी स्वतः लिहिलेला एक मूळ प्रोग्राम होता, तोच सगळा कारभार बघायचा. मशीन जागं करायचं, कळा वाचायच्या, पडद्यावर अक्षरं पाडायची आणि पुढच्या हुकमाची वाट बघायची. दोन हजार अठ्ठेचाळीस बाइटांत सगळा संसार. तो ज्या चिपमध्ये होता तिला वरून काचेची खिडकी होती आणि खिडकीवर काळी पट्टी चिकटवलेली. ऊन लागलं की चिपमधलं लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून ती पट्टी.

"ओमेशले दे म्हणले होते ते," गुरुजींच्या बायकोने, गीताकाकूंनी, पेटी सोपवताना सांगितलं होतं. "अन् चालूच ठेवजो." म्हातारीची माया, असं समजून ओमेशने मान हलवली होती आणि पेटी चालू ठेवली होती.

दोन महिने लावून त्याने तो प्रोग्राम लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि गुरुजींच्या एकेका हुशारीला दाद देत वाचायला घेतला. सगळा मात्र वाचला नाही. शेवटच्या पानांवर त्याला एक गंमत सापडली. रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून बरोबर पंधरा अक्षरं:

GHARI KONI NAHI

तो एकटाच मोठ्याने हसला. स्वतःची मशीन बनवणारा प्रत्येक जण सुरुवातीला पडद्यावर आपलं काहीतरी लिहितो, कोणी नाव, कोणी गावाचं नाव. गुरुजींनी हे लिहिलं. मात्र मशीन सुरू केल्यावर ही ओळ पडद्यावर कधीच उमटत नव्हती, आणि याचा विचार त्याने तेव्हाच करायला हवा होता. पण माणूस खुशीत असला की विचार करत नाही.

चिप जवळजवळ काठोकाठ भरलेली, शेवटी जेमतेम नऊ बाइट मोकळे. नवी ओळ लिहायला जागाच नाही. तेव्हा त्याने तीच पंधरा अक्षरं काढली आणि त्या जागी आपली पंधरा बसवली. सुरुवातीला ती पडद्यावर दिसतील एवढी सोय शेवटच्या नऊ बाइटांत केली. दुकानात पडलेली एकुलती कोरी चिप तयार करून पेटीत बसवली. जुन्या चिपची पट्टी काढून ती गच्चीच्या कठड्यावर, रुचिकाच्या कुरड्यांच्या ताटाशेजारी, पुसली जायला उन्हात ठेवली. असल्या चिपा आता मिळत नाहीत, परत वापरता येईल.

मशीन सुरू केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली:

MANJU, PHULCHUR

"माहं नाव!" मंजू टाळ्या पिटत म्हणाली. ओमेशला इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता.

२

पेटीच्या मागे बाहेरच्या तारा लावायला आठ खाचा होत्या. पोर्ट म्हणतात त्यांना. प्रत्येकाशेजारी एक लाल दिवा, आत-बाहेर काही गेलं की लुकलुकणारा. कळफलक एकला, पडदा दोनला. बाकी सगळे रिकामे.

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सात नंबरचा दिवा लुकलुकला.

ओमेशने वाकून पाहिलं. सातला काहीच जोडलेलं नव्हतं. आतल्या बाजूनेही तार नाही, नुसती पितळी टोकं. बुधवारी पुन्हा दोन दहा. गुरुवारी तो घड्याळ घेऊनच बसला. दोन दहा.

त्याने कारण शोधलं आणि त्याला ते सापडलंही. दोन घरं सोडून राईस मिल होती. जेवणाची सुट्टी संपून दोनच्या सुमाराला तिची मोठी मोटर सुरू व्हायची. मोकळं टोक असा धक्का पकडतं आणि मशीनला वाटतं काही आलं. हे तो दुकानातल्या पोरांना स्वतःच शिकवायचा. तो समाधानाने पाणी प्यायला.

रविवारी मिल बंद होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, उन्हाने टिन तडतडत होतं तेवढाच आवाज. दोन वाजून दहा मिनिटांनी दिवा लुकलुकला, आणि खालून मंजूचा आवाज आला.

"ओ!"

मग थोड्या वेळाने पुन्हा, जरा वैतागून: "ओ, म्हटलं ना!"

ओमेश जिन्यापर्यंत आला. "काय झालं, बेटा?"

मंजू अंगणात उभी होती, हातात रंगीत खडू. "काय त? तुमीच हाक मारून राहिले."

"मी नाही मारली."

"मारली. काऊन खोटं बोलता?" आणि ती पाय आपटत आत गेली.

३

सोमवारी तो वर गेलाच नाही. खाली मंजूजवळ बसला, हातात पेपर, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. पोरीला काही कळू नये म्हणून पानं उलटत होता, त्यात एकच पान तीनदा उलटलं.

दोन दहाला त्याला काही ऐकू आलं नाही. मंजूने मात्र खडू ठेवला आणि मान वळवून फाटकाकडे पाहिलं. मग गोंधळून बापाकडे, मग परत फाटकाकडे.

"आली का हाक?" त्याने शक्य तितक्या सहज विचारलं.

"हो."

"कोणाचा आवाज होता?"

"तुमचाच." ती त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत होती. "पण तुमचं तोंड त बंद होतं."

"काय म्हणला आवाज?"

"रोज म्हणते तेच. मंजू फुलचूर." आणि मग लहान मुलांच्या सरळपणाने तिने विचारलं, "बाबा, मले कायले गावाचं नाव लावता?"

ओमेशने पेपर खाली ठेवला. पोरीला त्या नावाने या जगात कोणीही हाक मारत नव्हतं. ती पंधरा अक्षरं फक्त एका ठिकाणी लिहिलेली होती.

मंजूला कडेवर घेऊनच तो वर धावला. आठ वर्षांची घोडी, पण त्या वेळी त्याला वजन जाणवलं नाही. लॅपटॉप उघडून त्याने न वाचलेली पानं काढली. तिथे ते होतं, साधं, नीटनेटकं, गुरुजींच्या हातचं. सात नंबरच्या पोर्टवर लक्ष ठेवायचं. तिथून काही आलं की ताबडतोब उत्तर द्यायचं. उत्तर अमुक जागेवरून उचलायचं, पंधरा अक्षरं, आणि त्याच पोर्टमधून बाहेर पाठवायचं.

ती ओळ पडद्यासाठी कधी नव्हतीच. कोणीतरी रोज विचारत होतं आणि पस्तीस वर्षं पेटी त्याला सांगत होती, घरी कोणी नाही. ओमेशने उत्तर देणारं सगळं जागच्या जागी ठेवलं होतं, फक्त उत्तर बदललं होतं. आठ दिवस पेटी त्याच्या पोरीचं नाव आणि पत्ता सांगत होती.

त्याने हात लांब करून बटण बंद केलं. मग प्लग काढला. मग, आपण शिकलेसवरलेले आहोत हे आठवून, स्वतःला चार शिव्या घातल्या. मोकळं टोक, मिलची मोटर, पोरीचं खेळकर डोकं. सगळ्याला कारण होतं. एकेकाला वेगवेगळं होतं, सगळ्याला मिळून एक होत नव्हतं.

मंगळवारी पेटी बंद असताना दोन दहाला मंजू जेवता जेवता उठली आणि फाटकाकडे चालू लागली. त्याने दंड धरून तिला मागे ओढलं, तेव्हा ती फाटकाच्या कडीला हात घालत होती.

"सोडा ना," ती म्हणाली, "ते बलावून राहिले."

४

बुधवारी सकाळी मंजूला आजीकडे म्हणजे रुचिकाच्या आईकडे सोडून तो दवनीवाड्याला गेला. दुपारच्या आत परतायचं होतं. आजीला मोतीबिंदू, तिच्या भरवशावर ती वेळ सोडायची नव्हती.

गीताकाकू ओसरीवर धान पाखडत होत्या. त्याने पेटीचं सांगितलं. नाव बदलल्याचं सांगताना त्याची मान खाली गेली.

काकूंचा सूप धरलेला हात थांबला. "बंद केली का पेटी?"

"काल केली."

"सुरू कर बाप्पा. होतं तेच लिहून ठेव. जसंच्या तसं."

"गुरुजी काय म्हणत होते, काकू?"

"काही नाही म्हणत होते. दुपारी दोनले त्या खोलीत जाऊन बसत. लाल बत्ती लागून विझली की मंग जेवत. जेवण थंडं होते म्हणून मी भांडो." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पयले आमी बिना पेटीचेच राहो."

त्यांच्या मागे भिंतीवर गुरुजींच्या फोटोशेजारी आणखी एक फोटो होता, हार घातलेला. शाळेच्या गणवेशातलं पोरगं, केस तेल लावून चापून बसवलेले. इतकी वर्षं ओमेश या घरी येताना तो फोटो पाहत होता, पण ते पोरगं गुरुजींचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"आमचा गुड्डू," काकू म्हणाल्या. "दुपारीच गेला."

"बिमार होता का?"

"नाही. गेला." त्यांनी हाताने फाटक दाखवलं. "चालत."

ओमेश जायला उठला. काकूंनी त्याचा हात धरला. "पोरीले सांग, एका हाकेले ओ द्याची नाही. दुसऱ्या हाकेलेही नाही. माणूस तीनदा हाक मारते. ते नाही मारत. तिसऱ्या हाकेलेच ओ द्याची. तुह्या मायनं नाही शिकवलं?"

शिकवलं होतं. त्या पिढीतल्या प्रत्येक आईने शिकवलं होतं, आणि आयटीआयला गेलेल्या प्रत्येक पोराने ते हसून सोडून दिलं होतं.

मंजूला आजीकडून घरी आणून त्याने आधी तिला खोलीत घेऊन दार लावलं. दोन दहा कसेबसे गेले. पोर दाराशी जाऊन कान लावून उभी राहिली, पण बापाचा हात तिच्या खांद्यावर होता. मग तो कामाला लागला. पेटीतल्या चिपमधलं पुसून नवं लिहायचं तर तिला दहा-बारा दिवसांचं ऊन हवं. जुनी चिप कठड्यावर होतीच, पण तपासली तर आत अजून खुणा शिल्लक, पूर्ण कोरी झालेली नाही. अजून एक दिवसाचं कडक ऊन. त्याने काच रुमालाने पुसली आणि चिप परत ताटाशेजारी ठेवली. जन्मभर त्या उन्हाला शिव्या दिल्या, आता त्याच्याकडे हात जोडावेसे वाटत होते.

संध्याकाळी त्याने मंजूला अंगणात आणलं.

"एक खेळ. मी हाक मारीन. तू बोटं मोजायची. एक झाली त एक बोट, दोन झाल्या त दोन. तीन झाल्याशिवाय ओ द्याची नाही अन् वळून बघायचंही नाही. कोणीही असो. मी असलो तरी."

"अन् तीन झाल्या त?"

"मंग ओ द्याची."

तो गल्लीत जाऊन उभा राहिला आणि त्याने मोठ्याने हाक मारली. "मंजू!" पोर पाठमोरी उभी, एक बोट वर. "मंजू!" दोन बोटं. तिसऱ्या वेळी कोरड्या घशात हाक अडकली, तो मध्येच खोकला. "मं... जू!"

"आली, बाबा!" करत ती धावत येऊन त्याला बिलगली. तिला खेळ फार आवडला. पुन्हा करू म्हणाली, त्याने तीन-चार वेळा केला. फाटकाबाहेर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

रुचिकाने स्कुटी लावता लावता हे पाहिलं. "बापलेक येडे झाले," ती म्हणाली. त्याला सांगायचं होतं. पण ती दिवसभर बाळंतिणी बघून थकली होती आणि हसत होती, म्हणून त्याने सगळं उद्यावर ढकललं.

५

गुरुवारी एक वाजता चिप कोरी झाली.

मंजूला त्याने वर, आपल्या नजरेसमोर बसवलं होतं. टिनाखाली जीव नकोसा होत होता, पण पोर शहाण्यासारखी कोपऱ्यात चित्र काढत होती. त्याने पंधरा अक्षरं जशी होती तशी परत लिहिली. आपली नऊ बाइटांची भर काढून टाकली. एकेक बाइट जुन्याशी ताडून पाहिला, दोनदा. घामाचे थेंब टेबलावर पडत होते. चिप तयार झाली तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती. त्याने ती पेटीत बसवली आणि बटण दाबलं.

पडदा रिकामा, नुसता लुकलुकणारा चौकोन. गुरुजींच्या वेळी होता तसाच.

दोन दहा. सातचा दिवा लागला. जरा जास्त वेळ लागून राहिला, असं त्याला वाटलं. मग विझला.

ओमेशने मंजूकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. चित्रातल्या घराला ती लाल रंग देत होती.

"हाक आली का?"

"नाही," ती म्हणाली. "आज नाही आली."

त्याने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. गुरुजी दिवा विझल्यावर का जेवत होते, ते त्याला कळलं आणि रडूही आलं. अडीच झाले. पोरीचा चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते.

"बाबा, तहान लागली. खाली जाऊ?"

"जा," तो म्हणाला. "माठातलं पी. मी आलोच."

तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. माठावरचं झाकण वाजलं. ओमेशने पेटीचं झाकण हातात घेतलं, चार स्क्रू लावायचे होते.

"मंजू!"

हाक गल्लीतून आली. आवाज त्याचा होता.

यावेळी तो त्यालाही ऐकू आला. स्क्रू हातातून पडला. घाबरू नको, त्याने स्वतःला बजावलं, पोरीला शिकवलंय. ते तीनदा हाक मारत नाही.

"मंजू!"

तो उठला. खुर्ची मागे कलंडली. दोन झाल्या. आता नाही येणार. तो दारापर्यंत पोचला, आणि तोच आवाज तिसऱ्यांदा आला, कालच्याच अंतराने, मध्येच खोकून.

"मं... जू!"

"आली, बाबा!" मंजू खालून ओरडली. तिच्या आवाजात खेळात जिंकल्याचा आनंद होता. फाटकाची कडी वाजली.

जिना त्याने कसा उतरला ते त्याला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती. गल्लीत येताच पांढऱ्या उन्हाने डोळे दिपले, आणि मग दिसलं. गल्ली जिथे संपून धानाच्या शेतांच्या बांध्या लागतात तिथे, मोहाच्या झाडाच्या अलीकडे, दोघं चालली होती. मंजूचा पिवळा फ्रॉक. आणि तिचा डावा हात धरून एक पाठमोरा माणूस, अंगात निळ्या चौकडीचा शर्ट. ओमेशने खाली पाहिलं. तोच शर्ट त्याच्या अंगात होता.

"मंजू!" तो जीव खाऊन ओरडला.

तिने वळून पाहिलं नाही. शिकवलं होतं तसं, चालता चालताच तिने मोकळा हात वर केला आणि एक बोट दाखवलं.

तो धावत सुटला. डांबर तळव्यांना चटके देत होतं, श्वास पुरत नव्हता. "मंजू!"

दोन बोटं.

झाडापाशी रस्ता वळत होता. त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. घसा कोरडा पडला होता, त्याला खोकला आला, आणि तो खोकला थांबेपर्यंत ती दोन बोटं झाडाआड गेली होती.